डावा खांदा पाऊण इंच खाली

मी एक जुना खाकी कागद आहे, मित्रांनो. पण नुसता कागद म्हणून मला मोडीत काढू नका. मी एक पाठ आहे. मला पोट नाही, हात नाहीत, तोंड तर नाहीच. तरीही आज मीच बोलणार आहे, कारण ज्यांना तोंड असतं ती माणसं पाठीविषयी कधी धड काही सांगत नाहीत.

या गावात मी आलो तो कोटाच्या कापडाच्या ताग्याभोवती गुंडाळला जाऊन. तेव्हा मला वाटत होतं की माझं काम झालं. शिंप्याच्या दुकानात तागा सुटला आणि मी जमिनीवर पडलो. एरवी अशा कागदाचं पुढे काय होतं हे मी सांगत नाही, वाचणाऱ्यांत लहान मुलं आहेत. पण त्या दुकानातल्या मास्तरांनी मला उचललं, टेबलावर पसरलं आणि तळहाताने चार वेळा सरळ केलं. कागदाला आयुष्यात एवढं पुष्कळ झालं.

त्याच वेळी दुकानात एक पोस्टमन कोट शिवायला आला होता. मास्तर म्हणाले, सरळ उभे राहा. पोस्टमन सरळ उभा राहिला. म्हणजे त्याच्या मते. मास्तर टेप घेऊन त्याच्या मागे गेले आणि थांबले. पत्रांची पिशवी वर्षानुवर्षं डाव्या खांद्यावर वागवून पोस्टमनचा तो खांदा उतरला होता. पिशवी खाली ठेवली तरी खांद्याला ते कळलेलं नव्हतं.

आता तुम्हाला शिंपीकामातली एक गोष्ट सांगतो. कापायच्या आधी शिंपी कागदावर नमुना काढतात, आणि सगळे शिंपी पाठ अर्धीच काढतात. कापड दुमडायचं, अर्धा नमुना ठेवायचा, कातर चालवायची. उलगडलं की पूर्ण पाठ. पण वाकड्या खांद्याला अर्ध्यावर भागत नाही. म्हणून मास्तरांनी मला अख्खा कापला. दुकानातल्या एकशे चाळीस नमुन्यांत मी एकटा पूर्ण होतो. बाकीचे मला जरा बिचकून असत.

माझ्या कोपऱ्यात मास्तरांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं: 'पोस्टमन. डावा खांदा अर्धा इंच खाली. आतून कापसाचे भरण. बोलायचे नाही.'

कोट तयार झाला. पोस्टमनने आरशात पाहिलं, एकदा समोरून, एकदा बाजूने, आणि खूश होऊन सांगितलं की रोज सकाळी तो खांद्याला तेल चोळतो, त्याचा हा गुण. मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. ते म्हणाले, "हं."

पुढे दर तीन-चार वर्षांनी पोस्टमन नवा कोट शिवायचा. पिशवी काही हलकी होत नव्हती. एका वर्षी मास्तरांनी 'अर्धा' खोडून 'पाऊण' लिहिलं आणि माझा खांदा कातरीने पाव इंच उतरवला. त्याच वर्षी पोस्टमनने जाहीर केलं की आता खांदा एकदम सरळ झाला, तेलाची दुसरी बाटली आणायची गरज नाही.

असे आम्ही खिळ्यांवर टांगलेले असायचो, एकशे चाळीस जण, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक टीप. माझ्या शेजारी दातांचे डॉक्टर होते: 'माप घेताना पोट आत ओढतात. दोन मिनिटे गप्पा माराव्यात, मग मोजावे.' पलीकडे मुख्याध्यापिका: 'उजवा हात एक इंच लांब. फळ्याच्या वरच्या ओळीमुळे.' बँडवाल्याचं असं होतं: 'छाती फुगवतो. बोलते करावे. बोलायला लागला की थांबत नाही, म्हणून घाई असेल तर फुगलेलीच मोजावी.' अख्ख्या गावाची खोड दुकानात टांगलेली होती, आणि गाव मात्र रस्त्यावरून नीटनेटकं फिरत होतं. ते श्रेय आमचं.

मग तयार कपड्यांची दुकानं आली आणि मास्तरांच्या डोळ्यांना सुईचं नेढं दिसेनासं झालं. दोन्ही एकाच वर्षी. जणू आपसात ठरवून. दुकान बंद झालं. आम्हाला टेपने बांधून मास्तरांच्या घरी मागच्या खोलीत ठेवलं, हाताने फिरवायच्या शिलाई मशीनशेजारी. तिथे चार वर्षं गेली. मास्तर खिडकीशी बसून असत. कोणी जेवायला बोलावलं तरी "हं", जेवण कसं झालंय विचारलं तरी "हं". तोंडात टाचण्या नव्हत्या, पण तोंडाला ते कोणी सांगितलं नव्हतं.

घरात मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात. नातीला सगळे गुंडी म्हणत. जन्मली तेव्हा ती कोटाच्या गुंडीएवढी होती असं मास्तरांचं म्हणणं. बाहेरच्यांना ती गुंडगिरी करते म्हणून हे नाव पडलं असं वाटे, आणि तेही अगदीच चूक नव्हतं. घरात आता दुसरं बाळ येणार होतं. पाळण्याला जागा हवी होती, आणि जागा एकच होती: मागची खोली.

सुनेने फार हळू आवाजात सांगितलं, "बाबा, रविवारी रद्दीवाला येतोय. मशीन राहू दे. पण ते कागद... चार वर्षं झाली."

मास्तर म्हणाले, "हं."

मी त्यांचे पुष्कळ 'हं' ऐकले आहेत. हा वेगळा होता. आतून भरण काढून घेतल्यासारखा.

गुंडी दाराशी उभी होती. तिने काय ठरवलं ते मला नंतर कळलं. वाचनालयात शनिवारी मुलांसाठी 'टाकाऊ कागदापासून पतंग' असा वर्ग ठेवला होता. फलक लागला, मुलांची नावं लिहून झाली, आणि मग वाचनालयाच्या बाईंच्या लक्षात आलं की पतंग करायला कोणालाच येत नाही. गुंडीने हात वर करून सांगितलं की माझ्या आजोबांना येतं. मास्तरांनी जन्मात पतंग केला नव्हता. घरी आल्यावर तिने त्यांना समजावलं की आजोबा, कागद कापायचं काम तुमचं, बाकीचं काम वाऱ्याचं. यात मास्तरांना चूक सापडेना.

शनिवारी सकाळी वाचनालयाच्या व्हरांड्यात पंधरा मुलं जमली. कोणी जुनी वर्तमानपत्रं आणली होती, कोणी कॅलेंडरची पानं, कोणी पिठाच्या रिकाम्या पिशव्या. एकाने आपली गणिताची उत्तरपत्रिका आणली होती आणि ती सर्वांत आधी, सर्वांत लांब उडवावी अशी त्याची विनंती होती. जुना बांबूचा पडदा सोडवून काड्या केल्या होत्या. आमचं गाठोडं गुंडीने कोणाला न विचारता उचलून आणलं होतं आणि बाकाखाली सरकवलं होतं. मास्तरांच्या मुलाने शिलाई मशीनही आणून दिलं होतं.

मास्तरांनी वर्तमानपत्राचा चौकोन कापला. असा नेमका की मुलं पुढे सरकली. कडेने दोरा ठेवला, कागद दुमडला, आणि मशीनवर शिवला. हो, शिवला. इंचाला बारा टाके. मधली काडीही शिवली. इतका देखणा पतंग त्या गावात कोणी पाहिला नव्हता. अंगणात नेला, तो डोक्याच्या वर गेला, वाऱ्याने जरा ओढला, आणि सुईच्या भोकांवरून पोस्टाच्या तिकिटासारखा सरळ रेषेत फाटला. वरचा अर्धा गेला शेजारच्या गच्चीवर, खालचा राहिला हातात. एवढं सुबक फाटणं मुलांनीही पाहिलं नव्हतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तरांनी हातातला तुकडा डोळ्यांजवळ धरला आणि समाधानाने म्हणाले, "शिलाई कुठेही उसवलेली नाही."

बाईंनी मग पिठाची खळ करून आणली. चिकटवलेला पतंग फाटला नाही, पण वर्तमानपत्र खळीने भिजून लोंबायला लागलं. कागद जरा जाड, जरा ताठ हवा होता. गुंडी याच क्षणाची वाट पाहत होती. तिने बाकाखालचं गाठोडं ओढलं आणि गाठ सोडली.

चार वर्षांनी आम्हाला उजेड लागला. मी सगळ्यांत मोठा, म्हणून सगळ्यांत खाली होतो. वरच्या कागदांवर मुलं तुटून पडली, आणि मुलांना वाचता येत होतं. ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती.

"दातांचे डॉक्टर पोट आत ओढतात!"

डॉक्टरांची मुलगी तिथेच होती. ती शांतपणे म्हणाली, "फोटोत पण."

हशा झाला. बँडवाल्याची छाती वाचली गेली, मुख्याध्यापिकांचा हात वाचला गेला. एका मुलाने पोट आत ओढून चालून दाखवलं. मास्तर अंगणातून काड्या घेऊन आले आणि दारातच थांबले. त्यांनी काड्या खाली ठेवल्या, एकेका मुलाच्या हातातून कागद काढून घेतले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हे वाचायचं नाही," ते म्हणाले. "ही माणसं माझ्यासमोर हात वर करून उभी राहिली होती."

गुंडी म्हणाली की उद्या हे रद्दीत जाणार होते आजोबा, म्हणून आणले. मास्तरांनी कागद एकावर एक रचले. मग म्हणाले की रद्दीतही नको, तिथेही कोणीतरी वाचेल. आज घरी गेल्यावर सगळे जाळून टाकू. ते गाठोडं बांधायला लागले. गुंडी रडायला लागली, तीही आवाज न करता, आणि ते तिला मुळीच जमत नव्हतं.

मित्रांनो, कागदाला आगीची भीती वाटते का, असं तुम्ही विचाराल. तुम्ही विचारू नका.

मी जमिनीवर पसरलेला होतो. लांबी जास्त, म्हणून गाठोड्यात नीट बसत नव्हतो. तेवढ्यात फाटकातून एक म्हातारे गृहस्थ आले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, खांद्यावर पिशवी नव्हती, तरी चालताना डावीकडे पिशवी असल्यासारखे झुकत होते. पोस्टमन. ते रोज अकरा वाजता पेपर वाचायला येत. आजचाच पेपर चुकून पतंगात गेला होता, म्हणून बाईंनी अग्रलेखाचा खालचा अर्धा दिला आणि वरचा गच्चीवर असल्याचं सांगितलं. ते वाचायला बसणार, तोच पायाखाली मी.

त्यांनी मला उचललं. आयुष्यभर पत्त्याचं बारीक अक्षर वाचलेला माणूस. कोपरा त्यांना लगेच दिसला. वाचला. परत वाचला. मी अठ्ठावीस वर्षं त्यांच्या पाठीशी होतो, पण समोरासमोर आम्ही आज पहिल्यांदा आलो होतो. मला कुठे बघावं कळेना.

"मास्तर," ते म्हणाले, "ही माझी?"

"हं."

"अर्धा खोडून पाऊण केलंय."

"हं."

"म्हणजे तेलाने काही झालं नाही."

मास्तरांच्या हातातली गाठ तशीच राहिली. खोटं त्यांना कधी बोलता येत नसे, म्हणून तर ते गप्प बसत. शेवटी ते म्हणाले, "थोडं झालं असेल. नाहीतर एक इंच झाला असता."

पोस्टमनकाकांनी उजवा हात वळवून डावा खांदा चाचपला. जणू एखादं पत्र इतकी वर्षं खिशात राहून गेलं होतं. "अठ्ठावीस वर्षं तुम्ही हे कोणाला बोलला नाहीत."

"कोणाला काय, तुम्हालाही नाही."

यावर पोस्टमनकाका हसले. आधी नाकातून, मग सगळ्या अंगाने, पाऊण इंचासकट. गुंडीकडे बघून त्यांनी विचारलं की या कागदांचं काय चाललंय. तिने हुंदके देत पतंग, रद्दी, पाळणा आणि जाळणं हे सगळं एका दमात सांगितलं. त्यांना त्यातलं निम्मं कळलं असावं, पण तेवढ्यावर त्यांनी निकाल दिला.

"माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, मास्तर. चढवा हिला वर. बघू तरी."

"लोक बघतील."

"बघू देत. पिशवी मी काय लपून वाहिली?"

मास्तरांनी गाठोडं खाली ठेवलं. कातर हातात घेतली, खालचा भाग निमुळता केला, काड्यांना खळ लावली. गुंडीने खांदे सारखे कापायला सुचवलं, पण मास्तरांनी ते मुळीच ऐकलं नाही. माप बदलायचं नाही. पोस्टमन तसा नाही. पंधरा मुलं गोल करून बसली होती. काडी किती वाकवायची, खळ कडेलाच का लावायची, शेपटीला चिंध्यांच्या गाठी किती अंतरावर, हे मास्तर सांगायला लागले, आणि वाक्यांमागून वाक्यं येत गेली. चार वर्षांचा साठा होता.

मला वर सोडलं. मी डावीकडे गेलो आणि वाळत घातलेल्या चादरीवर आदळलो. पुन्हा सोडलं, पुन्हा डावीकडे. पोस्टमनकाका म्हणाले की बरोबर आहे, माझी शेवटची गल्ली डावीकडेच होती.

मास्तरांनी मान हलवली. उतरता खांदा म्हटल्यावर उपाय त्यांना झोपेतही माहीत होता: त्यांनी डाव्या खांद्याला कापसाचं भरण चिकटवलं. या वेळी मी डावीकडे दुप्पट वेगाने गेलो. चादरीच्या मालकीणबाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या. त्या चादर काढून आत घेऊन गेल्या आणि खुर्ची घेऊन परत आल्या.

गुंडीने कापूस उपटला. "आजोबा, कोट लपवायला असतो. पतंगाला पिशवी दुसऱ्या खांद्यावर द्या ना."

मास्तरांनी खिशातून सुई काढली. पोस्टमनकाकांनी अंगातल्या कोटाचं एक बटण तोडून पुढे केलं आणि म्हणाले, "घ्या. तुमचंच आहे." दोरा गुंडीने ओवला. मास्तरांनी ते बटण माझ्या उजव्या खांद्यावर चार टाक्यांत शिवलं. मशीनने नाही, हाताने.

आणि मी गेलो, मित्रांनो. सरळ. चादरीची दोरी खाली राहिली, गच्ची खाली राहिली, तिथे अडकलेला अर्धा अग्रलेख खाली राहिला. पाठ असून आयुष्यात पहिल्यांदा मी पुढे होतो. वरून सगळ्या गल्ल्या दिसत होत्या, या दारातून त्या दारात गेलेल्या, आणि मला कळलं की माझा खांदा कशाने उतरला होता. त्याची लाज वाटण्याजोगं तिथे काहीच दिसत नव्हतं.

खाली पोस्टमनकाका कपाळावर हात धरून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "पाठ बरी आहे की."

दुसऱ्या दिवशी रद्दीवाला आला आणि वर्तमानपत्रं घेऊन गेला. आम्हाला त्याने हात लावला नाही, कारण मास्तर दारातच बसले होते. सोमवारपासून ते गुंडीला बरोबर घेऊन घरोघर फिरले. ज्याची पाठ त्याला विचारायचं. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण पोटाची ओळ खोडून. विचार करत असताना ते पोट आत ओढून उभे होते. मुख्याध्यापिकांनी टीप तशीच ठेवायला सांगितली आणि मुलांकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतली. काहींची माणसं आता नव्हती. त्यांच्या लेकी आल्या, नातवंडं आली, आणि वडिलांच्या खांद्यांवरून हात फिरवून म्हणाली, उडवा. दोघांनी नको म्हटलं. त्यांचे कागद मास्तरांनी घडी घालून त्यांच्याच हातात दिले.

अर्ध्या पाठी जोडून पूर्ण पतंग करायचे म्हणून डॉक्टर आणि बँडवाला एका पतंगात आले. दोघांचं एरवी पटत नाही. वर बरं चालतं.

मागची खोली रिकामी झाली. वर्ग मात्र आता दर शनिवारी असतो. मुलं आपापल्या घरचे टाकाऊ कागद आणतात आणि कापण्याआधी मास्तर एकच गोष्ट करायला लावतात: तळहाताने चार वेळा सरळ करायचं, आणि मागे कोणी काही लिहिलंय का ते बघायचं. तुम्हीही तेवढं करा, मित्रांनो. कागद फेकणं सोपं आहे. त्यामागे कोण उभं होतं हे एकदा उलटून बघायला फार वेळ लागत नाही. आणि जे वाचाल त्यावर हसू आलं, तर ज्याची पाठ आहे त्याला बरोबर घेऊन हसा.

मी आता फारसा उडत नाही. खळीची ठिगळं वाढली आहेत. मी मागच्या खोलीत पाळण्याच्या वर टांगलेला असतो, आणि पाळण्यातलं माणूस माझ्या बटणाकडे एकटक बघतं. परवा मास्तरांनी टेप आणून त्याचं माप घेतलं. त्याने हात वर केले होते. त्याला तेवढंच येतं. मग त्यांनी एका पिठाच्या पिशवीतून वीतभर पाठ कापली, अख्खी, आणि माझ्या शेजारी लावली. तिच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं आहे:

'दोन्ही खांदे सारखे. सध्या.'